नाणी संपल्यानंतरची गावं

शनिवार : लंडन

ब्रिटनमधली रोमन सत्ता इ.स. ४१० मध्ये संपली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतं. ४०७ मध्ये तिसऱ्या कॉन्स्टंटाइनने इथलं सैन्य गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, नेलं. पुढे होनोरियस बादशहाने इथल्या शहरांना तुमचं संरक्षण तुम्हीच करा असं कळवल्याचा उल्लेख मिळतो. बस, एवढंच. पण ४१० साली जे कुटुंब शेत नांगरत होतं, ते ४३० साली कुठे राहत होतं? त्याचं घर कशाचं होतं? पुण्यात पुरातत्त्व शिकत असल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. या वर्षी ताई म्हणाली, "ये आता, किती वर्षं नुसती वाचत बसणार?" ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती आणि भाऊजी रीडिंगला राहतात. दोघांनी रजा काढली, गाडी भाऊजींची, आणि कुठे जायचं ते ठरवायचं काम माझं.

सुरुवात ब्रिटिश म्युझियममधल्या हॉक्सनच्या ठेव्यापासून केली. १९९२ मध्ये सफोक परगण्यातल्या एका शेतात हातोडी शोधायला गेलेल्या माणसाला सोन्याचांदीची सुमारे पंधरा हजार नाणी आणि दागिने मिळाले. लोक दागिन्यांपाशी गर्दी करतात. मी मात्र चांदीच्या नाण्यांपाशी बराच वेळ उभी होते. जवळजवळ प्रत्येक नाण्याची कड कातरलेली आहे. बादशहाचा चेहरा जपून ठेवलाय आणि बाहेरची अक्षरं कापून नेली आहेत. ४०२ नंतर ब्रिटनला नव्या नाण्यांचा पुरवठा जवळपास थांबला, म्हणून लोकांनी जुन्याच नाण्यांच्या कडा कातरून त्या चांदीतून नवी नाणी पाडली. म्हणजे व्यवहार चालू होता आणि पैशाची गरजही होती; फक्त वरून येणारा पैसा आटला होता.

त्याच ठेव्यात चांदीच्या मिरपूडदाण्या आहेत. एक राजघराण्यातल्या स्त्रीच्या रूपात घडवलेली आहे. त्यांत भरायची मिरी मलबारची. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी रोमन कांस्यमूर्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या व्यापाराचं आपल्याकडचं टोक ठाऊक आहे. सफोकमध्ये दिसतं ते दुसरं टोक.

दुपारी टॉवर हिलची रोमन भिंत पाहिली. खालचा भाग रोमन, त्यात लाल विटांच्या आडव्या पट्ट्या, वरचा मध्ययुगीन. भिंतीच्या आतल्या शहरात रोमन थरांवर काळपट मातीचा जाड थर सापडतो. मराठवाड्यात जुनी वस्ती पांढरीच्या टेकाडावरून ओळखू येते. इथे उलट, वस्तीची माती काळी. पूर्वी या थराचा अर्थ शहर ओस पडलं असा सरळ लावला जायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात कुजलेलं लाकूड, कुडाच्या भिंतींची माती, राख, शेण असं बरंच काही दिसलं. गांडुळांनी ते सगळं एकत्र घुसळलेलं. काही ठिकाणी तर हा थर रोमन सत्ता असतानाच सुरू होतो. तरीही पाचव्या-सहाव्या शतकात भिंतीच्या आत मोठी वस्ती नव्हती, हे खरंच आहे. सातव्या शतकात लंडन पुन्हा उभं राहिलं ते पश्चिमेला, स्ट्रँड आणि कॉव्हेंट गार्डनच्या भागात, भिंतीच्या बाहेर. हे शहर नेमकं कुठे होतं ते १९८४ मध्ये मार्टिन बिडल आणि अ‍ॅलन व्हिन्स या दोन पुरातत्त्वज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं. भिंतीच्या आत लोक परतले ते आल्फ्रेड राजाच्या काळात, ८८६ मध्ये. संध्याकाळी आम्ही स्ट्रँडवरून चालत गेलो. ताईची रोजची वाट. खाली सातव्या शतकातली घरं आहेत हे तिला आज कळलं.

रविवार : वेस्ट स्टो

सफोक, बरी सेंट एडमंड्सजवळ, लार्क नदीच्या काठी. वाळूची जमीन, पाइनची झाडं. इथलं गाव साधारण ४२० ते ६५० या काळातलं. पुढे मध्ययुगात वाऱ्याने वाळू आणून टाकली, तिच्याखाली सगळं झाकलं गेलं आणि नांगरापासून वाचलं. स्टॅन्ली वेस्ट यांनी १९६५ ते १९७२ मध्ये उत्खनन केलं. जमिनीत खड्डा घेऊन बांधलेल्या सुमारे सत्तर झोपड्या आणि लाकडी खांबांची सात मोठी घरं मिळाली.

त्याच जागी काही घरं पुन्हा बांधली आहेत. आत शिरलं की आधी धुराचा वास येतो. मातीची कडी जमिनीवर रांगेत मांडलेली. उभ्या मागावर ताणा ताठ राहावा म्हणून ती खाली बांधत. झोपडीच्या खड्ड्याच्या दोन टोकांना दोन खांब, त्यांवर आढं, आणि छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं. यावर मोठा वाद आहे. माणसं खड्ड्याच्या तळाशीच वावरत, की खड्ड्यावर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन, होती आणि खड्डा म्हणजे नुसती खालची पोकळी? इथे दोन्ही प्रकारची घरं बांधून पाहिली आहेत.

भाऊजी इंजिनिअर. ते वाकून कोपरे न्याहाळत म्हणाले, "पावसाचं पाणी खड्ड्यात शिरलं असतं, तर दोन वर्षांत कडा ढासळल्या असत्या."

"वाळू आहे ना भाऊजी, पाणी मुरतं."

"मुरलं तरी ये-जा केली की कड तुटतेच. मला तक्तपोशीच पटते."

उत्खननकर्त्यांचा मुद्दा नेमका हाच होता: माणसांच्या पायांनी तळ चोपलेला दिसत नाही आणि कडाही झिजलेल्या नाहीत.

मला महत्त्वाची वाटली ती गावाची ठेवण. एका मोठ्या घराभोवती झोपड्यांचा एक पुंजका. पिढी बदलली की तो पुंजका थोडा बाजूला सरकतो. एसेक्समधल्या मकिंगला हे याहून मोठ्या प्रमाणावर दिसतं. गाव जागा धरून बसत नाही. रस्ता नाही, कुंपणाची ठाम हद्द नाही, दगड तर नाहीच. रोमन काळात याच नदीकाठी थोड्या अंतरावर इकलिंगहॅमला मोठी वस्ती होती आणि तिथे ख्रिस्ती चिन्हं असलेल्या शिशाच्या टाक्या सापडल्या आहेत. वेस्ट स्टोचे लोक कोण होते, हा प्रश्न टाळता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळातल्या दफनांत सरासरी तीन-चतुर्थांश वारसा उत्तर समुद्रापलीकडचा, आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूचा निघाला. म्हणजे माणसं आली, आणि चांगली मोठ्या संख्येने आली. लोक तेच राहिले, फक्त चालीरीती बदलल्या, असं काही वर्षांपूर्वी हिरिरीने सांगितलं जायचं. निदान पूर्वेकडे तरी ते आता टिकत नाही.

सोमवार : सिल्चेस्टर

ताईच्या घरापासून फार लांब नाही. तिने दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती. दिवसभर इथेच काढायचा, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

कॅलेव्हा आट्रेबाटुम हे या शहराचं रोमन नाव. तटबंदीचा जवळजवळ अडीच किलोमीटरचा पूर्ण वेढा आजही उभा आहे आणि आत शहर नाही. गवत, गाई, पूर्वेच्या कडेला बाराव्या शतकातलं एक चर्च आणि शेजारी शेतघर. लंडन, विंचेस्टर, यॉर्क ही रोमन शहरं पुन्हा वसली, त्यामुळे त्यांचं पोट इमारतींखाली दबलं आहे. सिल्चेस्टर मात्र उठलं ते उठलंच.

आम्ही तटावरून पूर्ण फेरी मारली. भिंत गारगोटीच्या दगडांची. चुन्यात तिरक्या रचलेल्या ओळी, मधूनच चपट्या दगडांचे सपाट थर. बाहेरचा घडीव मुखडा लोकांनी काढून नेला आहे, म्हणून दिसतो तो भिंतीचा गाभा. दक्षिणेकडच्या भागात ती दीड-दोन पुरुष उंच आहे. हात लावला की गारगोटीची धार बोटांना जाणवते.

१८९० ते १९०९ या काळात सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने इथे जवळजवळ सगळं शहर खणून काढलं. मजूर लांबलचक चर खणत जायचे, दगडी पाया लागला की त्याचा माग घ्यायचे, आणि घराचा नकाशा कागदावर उतरला की चर बुजवायचे. त्यातून रोमन शहराचा अप्रतिम नकाशा तयार झाला. चौकोनी वाड्यावस्त्या, काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध सभागृह. पण लाकडी घर जमिनीत सोडतं ते खांबांचे खळगे आणि मातीच्या रंगातला फरक. ते पाहण्याची पद्धत तेव्हा नव्हती. म्हणून नकाशात दगडी घरांच्या मध्ये मोकळ्या बागा दिसत राहिल्या आणि शंभर वर्षं सगळे सिल्चेस्टरला 'उद्याननगरी' समजत राहिले.

१९९७ ते २०१४ या काळात रीडिंग विद्यापीठाच्या मायकेल फुलफर्ड यांनी नऊ क्रमांकाचा चौक पुन्हा, सावकाश खणला. त्या मोकळ्या बागांत लाकडी घरं निघाली. दुकानं, कारागिरांच्या चुली, विहिरी आणि शौचखड्डे निघाले. ती जागा आता बुजवून गवताखाली आहे. पाहण्यासारखं वर काही नाही, तरी मी तिथे जाऊन उभी राहिले. याच चौकातल्या विहिरीत १८९३ मध्ये ओघम लिपीतला लेख असलेला दगडी खांब सापडला होता. ओघम ही आयरिश लिपी, उभ्या-आडव्या रेघांची. म्हणजे रोमन सत्ता सरण्याच्या सुमारास इथे कुणीतरी आयरिश नावाचा माणूस होता आणि त्याचं नाव कोरण्याइतका त्याचा मान होता.

मग शहर का मेलं? मला वाटतं, उत्तर तटावरून चालताना पायांनाच कळतं. जवळ बोटी चालतील अशी नदी नाही. सगळं भलं होतं ते रस्त्यांच्या जोरावर. लंडनहून येणारा रस्ता इथे फुटून पश्चिमेला आणि दक्षिणेला जात असे. रस्ते राखायला, बाजार भरवायला, कर गोळा करायला राज्य लागतं. ते गेल्यावर या पठारावर राहण्याचं खास कारण उरलं नाही. शेती करणाऱ्याला नदीकाठच्या जमिनी बऱ्या. पाचव्या ते सातव्या शतकात कधीतरी शेवटचे लोक निघून गेले. फुलफर्ड यांच्या मते विहिरी मुद्दाम बुजवल्या होत्या, कुणी पुन्हा वसू नये म्हणून. मला ही गोष्ट थोडी ताणलेली वाटते. पण विहिरी बुजलेल्या आहेत, हे खरं.

चार्ल्स डार्विनलाही सिल्चेस्टरमध्ये रस होता, तो गांडुळांसाठी. ओसाड शहराच्या फरशा जमिनीखाली किती आणि कशा गेल्या, हे त्याने मुलांकरवी मोजून घेतलं आणि १८८१ च्या गांडुळांवरच्या पुस्तकात दिलं. लाकूड कुजतं, माणसं निघून जातात आणि गांडुळं वर माती आणत राहतात. दीड हजार वर्षांत फरशी पायांखाली खोल जाते.

मंगळवार : चेडवर्थ

ग्लॉस्टरशरच्या डोंगरातलं हे खेड्यातलं रोमन श्रीमंताचं घर. वाटेत सायरेन्सेस्टरचं अ‍ॅम्फिथिएटर पाहिलं. आता ते गवताची मोठी लंबवर्तुळाकार टेकडी आहे. मुलं घसरत होती.

चेडवर्थला जाण्याचं कारण एकच. इथल्या एका खोलीत नक्षीची फरशी आहे, शैली रोमन, कारागिरी जरा हलकी, नक्षीत चुका. ही फरशी ज्या भिंतीला भिडवून घातली आहे, तिच्या पायातला कोळसा आणि हाडं यांचा काळ कार्बन-१४ वरून मोजला आणि २०२० मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने जाहीर केलं की ही भिंत ४२४ नंतरची आहे. सैन्य गेल्यानंतर पिढीभराने कुणीतरी घरात नवी खोली पाडून नक्षीची फरशी घालून घेतली! हे वाचलं तेव्हापासून मला इथे यायचं होतं. अशी दुसरी कितीतरी घरं असतील, ज्यांच्या फरश्या केवळ शैली पाहून चौथ्या शतकातल्या ठरवल्या गेल्या. आता त्यांच्याकडे पुन्हा पाहावं लागणार.

याचं मूळ पुन्हा नाण्यांत आहे. पुरातत्त्वात काळ ठरवायचा तो नाण्यांवरून आणि खापरांवरून. ४०२ नंतर नवी नाणी नाहीत, आणि डोर्सेट, न्यू फॉरेस्ट, ऑक्सफर्डशर इथल्या मोठ्या भट्ट्या पुढच्या काही दशकांत विझल्या. मग ४५० साली नांदतं असलेलं घरही कागदावर ४०० ला ओस पडलेलं दिसतं. काळ मोजायची पट्टी संपली आणि तिथेच वस्ती संपली असं आपण धरून चाललो.

बुधवार : रॉक्सेटर

श्रॉपशरमध्ये, सेव्हर्न नदीच्या काठी. रोमन ब्रिटनमधलं चौथ्या क्रमांकाचं शहर. आज एक लहानसं खेडं आणि शेतं. स्नानगृहाच्या भिंतीचा सात मीटर उंच तुकडा एकटाच उभा आहे. आधी गावातलं चर्च पाहिलं. फाटकाचे दोन्ही खांब रोमन आहेत आणि आतली बाप्तिस्म्याची कुंडी म्हणजे रोमन खांबाची पोकळ केलेली बैठक. ताईने कुंडीच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपल्याकडे देवळाच्या पायरीला वीरगळ बसवतात तसंच."

फिलिप बार्कर यांनी १९६६ ते १९९० अशी सलग वर्षं इथल्या स्नानगृहाच्या सभागृहाची जागा खणली. मोठं क्षेत्र एकाच वेळी उघडायचं, कुंच्याने झाडायचं आणि प्रत्येक दगड जसा आहे तसा कागदावर उतरवायचा. इतरांनी 'पडझडीचा मलबा' म्हणून उचलून फेकलेल्या थरात त्यांना आकार दिसले. दगडगोट्यांचे आयताकृती ओटे, ज्यांच्या कडा सरळ आहेत. त्यांच्या मते ते लाकडी इमारतींचे जोते होते. सहाव्या शतकात इथे लाकडाचं मोठं बांधकाम झालं, मधोमध एक भव्य इमारत, आणि सातव्या शतकात लोक शांतपणे निघून गेले. १९६७ मध्ये तटाजवळ नांगराला एक दगड लागला होता, त्यावर लॅटिन अक्षरांत कुनोरिक्स हे आयरिश नाव, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

मला हे चित्र मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्यावरची टीकाही सांगायला हवी. अ‍ॅलन लेन यांनी २०१४ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून म्हटलं की सहाव्या शतकाचं असं निश्चित काहीच हाती लागत नाही. इतकी वर्षं माणसं राहिली असती, तर त्यांच्या वस्तू कुठे आहेत? बार्कर यांच्या बाजूने उत्तर आहे की ज्या काळात मडकी आणि नाणी नव्हती, त्या काळातल्या वस्तू कशा मिळणार? दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धवट पुराव्यावर उभं आहे. बार्कर यांचे नकाशे समोर ठेवले तर काही ओटे मला स्पष्ट दिसतात, काही दिसत नाहीत. सभागृह पाडल्यावर कुणीतरी तिथे लाकडाची घरं बांधली, इतकं मी मान्य करते. सहाव्या शतकातलं लाकडी राजधानीचं चित्र मात्र मला अजून सिद्ध झालेलं वाटत नाही.

गुरुवार : रस्ता

दिवसभर एम-सिक्स महामार्ग, पाऊस, ट्रकच्या चाकांचं पाणी. बोलणं झालं ते शेतांवर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डब्ल्यू. जी. हॉस्किन्ससारखे अभ्यासक मानत की रोमन गेल्यावर जमीन मोठ्या प्रमाणावर जंगलात गेली आणि नवागतांनी ती पुन्हा तोडली. एक्सेटर विद्यापीठातल्या स्टीफन रिपन यांच्या गटाने परागकणांच्या नोंदी (कोणत्या काळी कोणती झाडं होती ते यांवरून कळतं) आणि उत्खननात सापडलेले शेतांचे चर देशभरातून एकत्र केले. सखल भागांत परागकण सांगतात की जंगल फारसं परतलं नाही. शेती थोडी ढिली पडली, कुरणं वाढली असावीत, पण जमीन उघडीच राहिली. आणि बऱ्याच ठिकाणी रोमन काळातल्या बांधांची दिशा मध्ययुगीन बांधांनी तशीच धरली. घरं पडली, मालक बदलले, भाषाही बदलली, पण बांध जागेवर राहिला. भाऊजींचं वडिलोपार्जित शेत साताऱ्याकडे आहे. ते म्हणाले, "बांध कोरायला किती त्रास होतो ते मला विचार. तो हलवण्यापेक्षा त्यावरच पेरणी करणं सोपं."

शुक्रवार : बर्डोस्वाल्ड

रोमनांच्या उत्तर सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीवरचा हा किल्ला, कंब्रियात, अर्थिंग नदीच्या दरीच्या काठावर. वारा इतका की ताईने डबा गाडीतच उघडला.

पश्चिम दरवाजातून आत शिरलं की शेजारीच धान्याच्या दोन कोठारांचे पाये आहेत. टोनी विल्मट यांनी १९८७ ते १९९२ मध्ये इथे उत्खनन केलं. दक्षिणेकडचं कोठार चौथ्या शतकातच कोसळलं आणि त्यात कचरा टाकला गेला. उत्तरेकडच्याची जमीन नव्याने फरसबंद केली आणि एका टोकाला शेकोट्या पेटवल्या. शेकोटीजवळ सोन्याचं कर्णभूषण, काचेची अंगठी आणि ३८८ ते ३९५ मधलं झिजलेलं नाणं मिळालं. हे काही सैनिकांच्या जेवणाचं भांडार उरलं नव्हतं; कुणीतरी बडा माणूस इथे आपल्या माणसांसह बसत होता. त्यानंतर याच जागेवर लाकडी इमारत उभी राहिली आणि मग तिच्या जागी आणखी मोठी. या शेवटच्या इमारतीचे खांब रोमन दगडांच्या बैठकांवर नुसते टेकवले होते, काही जुन्या भिंतीवर, काही थेट रोमन रस्त्यावर.

आज त्या जागी नवे लाकडी खांब रोवून इमारतीची मांडणी दाखवली आहे. मी त्यांच्या रांगेतून आडवी चालत गेले आणि मग दरवाजाकडे तोंड करून उभी राहिले, तेव्हा कळलं: इमारत सरकवून दरवाजाच्या ओळीत आणली आहे. पूर्वी कोठार रस्त्याच्या कडेला, आता सभागृह थेट प्रवेशाच्या तोंडाशी. विल्मट यांच्या मते ही वस्ती साधारण ५२० पर्यंत टिकली असावी.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इथल्या सैनिकांना रोमहून पगार यायचा, धान्य दूरवरून यायचं. पगार थांबला तेव्हा ते कुठे पळून गेले नाहीत. त्यांची बायकामुलं इथलीच होती. त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांकडून कराऐवजी थेट धान्य आणि जनावरं घ्यायला सुरुवात केली असावी, आणि त्या बदल्यात संरक्षण दिलं असावं. सैन्याचा अधिकारी दोन पिढ्यांत टोळीचा नायक झाला. भिंतीच्या परिसरातल्या काही दलदलींमध्ये या काळानंतर झाडं वाढलेली परागकणांतून दिसतात, म्हणजे इथे दक्षिणेपेक्षा शेती जास्त आक्रसली. किल्ला पोसायला लागणारी माणसंही तितकी उरली नव्हती.

भाऊजींनी दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि विचारलं, "एवढ्या लांबीच्या तुळया कुठून आणल्या असतील? नदीकाठची झाडं की जुन्या इमारतींच्या?" उत्खननात लाकूड उरलेलं नाही, तेव्हा नेमकं सांगता येत नाही. मला वाटतं, जुन्याच. या किल्ल्यात तयार तुळया आणि घडीव दगड आयते पडले होते. दगड त्यांनी बैठकांसाठी वापरलेच. परतीच्या वाटेवर आम्ही आणखी एकदा पश्चिम दरवाजातून बाहेर आलो. उंबऱ्याच्या दगडात बिजागरीची खाच अजून दिसते. सभागृहात बसलेल्या माणसाला इथून धान्याची प्रत्येक गाडी आत येताना मोजता आली असती.